श्रूझबरी

श्रूझबरी हे पश्चिम इंग्लंडमधील श्रॉपशर काउंटीचे मुख्य ठिकाण आणि मध्ययुगापासून नांदते असलेले बाजारगाव आहे. लंडनपासून ते वायव्येस सुमारे 240 किमी.वर असून वेल्सची सरहद्द येथून 15 किमी.पेक्षाही जवळ आहे. 2021 च्या जनगणनेत येथील लोकसंख्या 76 हजारांच्या वर होती. सेव्हर्न नदी गावठाणाच्या टेकडीला घोड्याच्या नालेच्या आकाराचा वळसा घालते. तिन्ही बाजूंनी पाणी आणि ईशान्येला तेवढी जमिनीची एक अरुंद चिंचोळी वाट, अशी ही जागा आहे. त्या चिंचोळ्या वाटेवरच नॉर्मन सरदारांनी किल्ला बांधला. गावात शिरायचे तर किल्ल्याखालून जायचे किंवा पूल ओलांडायचा, तिसरा मार्ग नव्हता. पूर्वेचा तो इंग्लिश पूल आणि पश्चिमेचा तो वेल्श पूल. एका गावाच्या दोन पुलांना दोन देशांची नावे मिळावीत, यातच या बाजारपेठेचे मर्म आहे.

मराठी माणसाच्या कानावरून हे नाव बहुतेक वेळा बिस्किटाच्या रूपाने गेलेले असते. पुण्याच्या कॅम्पात, ईस्ट स्ट्रीटवर 1955 साली सुरू झालेल्या कयानी बेकरीची ‘श्रूजबेरी’ बिस्किटे घेण्यासाठी लोक रांगा लावतात, पाहुण्यांसाठी डबे भरून नेतात. मात्र श्रूजबेरी हे एका गावाचे नाव आहे हे खाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. ‘श्रूझबरी केक’ नावाने इंग्लंडमध्ये ओळखला जाणारा हा पदार्थ खरे तर केक नसून लोणी, साखर व मैद्याचा, तोंडात विरघळणारा बिस्किटाचाच प्रकार आहे. त्याचे उल्लेख सोळाव्या शतकापासून सापडतात आणि सतराव्या शतकाच्या मध्यापासून त्याची कृती छापील पाकपुस्तकांत दिसते. जुन्या कृतींत गुलाबपाणी, जायफळ अशा गोष्टी पडत; पुढे लिंबाची किसलेली साल नेहमीची झाली. किल्ल्याजवळच्या कॅसल स्ट्रीटवर पेलिन नावाच्या नामांकित केकवाल्याचे दुकान होते, त्या जागी आज स्मृतिफलक आहे. पुण्याहून जाणाऱ्याने तेथे क्षणभर थांबावेच.

नावाच्या उच्चारावरून गावातच दोन तट आहेत. काही जण ‘श्रोझबरी’ म्हणतात, काही ‘श्रूझबरी’. दोन्ही बाजूंचे लोक आपलाच उच्चार खरा मानतात आणि हा वाद पिढ्यान्‌पिढ्या आनंदाने चालू आहे. पाहुण्याने कोणताही उच्चार केला तरी चालतो. वेल्श भाषेत गावाचे नाव अगदीच वेगळे, ‘अम्‌विथिग’ असे आहे.

बर्मिंगहॅमहून आगगाडीने सुमारे तासाभरात येथे पोहोचता येते. स्थानक 1848 सालचे असून एखाद्या जुन्या महालासारखे दिसते. जागा अपुरी पडल्यामुळे पुढे फलाटांचा काही भाग थेट नदीवरच्या पुलावर न्यावा लागला. रूळ जेथे फुटतात तेथे 1903 सालची भलीमोठी सिग्नल केबिन आहे. हाताने ओढायच्या 180 खटक्यांची ही केबिन जगात अजून वापरात असलेली या प्रकारची सर्वांत मोठी केबिन मानली जाते. जुन्या गावात मोटार घेऊन शिरण्यात अर्थ नाही, कारण स्थानकापासून सगळे पायी फिरण्याच्या अंतरावर आहे. हिवाळ्यात मात्र निघण्यापूर्वी पुराची चौकशी करावी. वेल्सच्या डोंगरांत पाऊस झाला की सेव्हर्न फुगते. 2000 आणि 2020 साली सखल भागात मोठे पूर आले होते. वेल्श पुलापलीकडच्या फ्रँकवेल पेठेत त्यासाठी पूररोधक भिंती आणि उभारता-काढता येणारे अडसर बसवले आहेत.

स्थानकाबाहेर पडताच वर लाल वालुकाश्माचा किल्ला दिसतो. विल्यम द कॉन्करर याचा सरदार रॉजर द माँगमरी याने 1070 च्या सुमारास तो उभारला. हेतू उघड होता : वेल्शांवर नजर ठेवणे आणि गावाच्या तोंडावर बसणे. अठराव्या शतकाच्या शेवटी टॉमस टेल्फर्ड या तरुण अभियंत्याने किल्ल्याचे राहत्या घरात रूपांतर केले. आता तेथे श्रॉपशरच्या पलटणींचे संग्रहालय आहे. समोरच जुन्या श्रूझबरी शाळेची दगडी इमारत आहे. सहावा एडवर्ड याच्या सनदेने 1552 साली स्थापन झालेली ही शाळा पुढे नदीपलीकडे गेली आणि इमारतीत सार्वजनिक ग्रंथालय आले. दारात चार्ल्स डार्विनचा बसलेला पुतळा आहे. डार्विनचा जन्म 12 फेब्रुवारी 1809 रोजी याच गावातल्या ‘द माउंट’ या घरात झाला आणि सात वर्षे तो या शाळेत शिकला. शाळेतल्या घोकंपट्टीत त्याचे मन रमले नाही. त्याचा जीव नदीकाठी, किडे-दगड गोळा करण्यात रमे. गावात ‘बेलस्टोन’ नावाचा एक मोठा धोंडा अजून जपून ठेवलेला आहे. या जातीचा दगड जवळपास कोठेही नसताना तो येथे आला कसा, हा प्रश्न एका जाणत्या गावकऱ्याने शाळकरी डार्विनपुढे टाकला होता. हिमनदीने तो वाहून आणला, हे उत्तर पुढे मिळाले. डार्विनचे गाव पाहायला येणाऱ्याने पुतळ्यापेक्षा हा धोंडा आधी पाहावा.

येथून गावाच्या पोटात शिरावे. श्रूझबरीत सहाशेहून अधिक इमारती संरक्षित यादीत आहेत. त्यांतल्या कित्येक पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या, काळ्या लाकडी चौकटी आणि मधला पांढरा गिलावा अशा बांधणीच्या आहेत. वरचे मजले रस्त्यावर पुढे झुकलेले असतात. रस्त्यांना जोडणारे अरुंद बोळ येथे ‘शट’ म्हणून ओळखले जातात. नकाशा खिशात ठेवून या बोळांतून भटकणे, हाच हे गाव समजून घेण्याचा खरा मार्ग आहे. बाजाराने रस्त्यांना दिलेली नावे टिकून आहेत : खाटीकआळी, मासळी रस्ता, दूध रस्ता. बुचर रो म्हणजे खाटीकआळीच्या कोपऱ्यावर पंधराव्या शतकातील ‘ॲबट्स हाउस’ आहे. त्याच्या तळमजल्यावर मध्ययुगीन दुकानांची दर्शनी बाजू जवळजवळ जशीच्या तशी उरली आहे. रुंद फळीवर माल मांडायचा आणि गिऱ्हाइकाने रस्त्यावर उभे राहूनच तो घ्यायचा, ही रीत आपल्या जुन्या पेठांत वाढलेल्यांना समजावून सांगावी लागत नाही.

बाजाराचा कणा लोकर हा होता. पहिल्या रिचर्ड राजाने 1189 साली गावाला सनद दिली, ती येथली सर्वांत जुनी उपलब्ध सनद. वेल्सच्या डोंगरांत मेंढ्या होत्या आणि घरोघर जाडेभरडे कापड विणले जाई, पण मोठे खरेदीदार तेथे नव्हते. कापड तट्टांवर लादून खाली श्रूझबरीला येई. येथले व्यापारी ते घेत, त्याला अखेरचा हात देववत आणि लंडनला पाठवत. या कापडवाल्यांच्या संघाला 1462 साली राजाची सनद मिळाली. सतराव्या शतकात त्यांनी शेजारच्या ऑझवेस्ट्रीचा वेल्श कापडाचा व्यापारही आपल्याकडे ओढून आणला. विणकर वेल्समध्ये राहिला आणि नफा श्रूझबरीत साठला. आज पाहुणे ज्या लाकडी वाड्यांची छायाचित्रे काढतात, ते त्याच नफ्यातून उभे राहिले आहेत.

‘द स्क्वेअर’ या मुख्य चौकात 1596 साली बांधलेले जुने बाजारघर आहे. वरच्या मजल्यावर कापडाचे सौदे होत आणि खाली कमानींच्या सावलीत शेतकरी धान्य विकत. आत भिंतीवर ओळीने भोके पाडलेली आहेत. लोकरीचे किती नग विकले गेले याची मोजदाद त्यांवर ठेवली जाई. लिहिता-वाचता न येणाऱ्या शेतकऱ्यालाही आपला हिशेब डोळ्यांनी तपासता यावा, अशी ही सोय. एवढ्या लहान खुणेतून एवढा जिवंत बाजार डोळ्यांपुढे उभा करणारी जागा श्रूझबरीत दुसरी नाही. आता वरच्या मजल्यावर चित्रपटगृह आणि कॅफे आहे. रोजचा बाजार जवळच्या 1965 सालच्या मार्केट हॉलमध्ये भरतो. त्याचा उंच घड्याळ-मनोरा आणि विटांची सपाट भिंत पाहून पुष्कळ जण नाक मुरडतात, पण आत भाजी, मासळी, चीज, जुनी पुस्तके आणि गरम जेवण यांची खरीखुरी गजबज असते. ब्रिटनमधील सर्वांत लोकप्रिय बाजार म्हणून त्याची 2018 साली आणि नंतरही निवड झाली आहे. जेवण येथेच करावे.

त्याच चौकात, बाजारघरासमोर, रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा उभा आहे. श्रॉपशरमध्येच 1725 साली जन्मलेला क्लाइव्ह 1761 पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे 1774 पर्यंत, श्रूझबरीचा खासदार होता आणि 1762 साली येथला महापौरही झाला. बंगालमधून आणलेल्या अफाट पैशाने त्याला या भागात जमिनी, घरे व वजन मिळवून दिले. प्लासीच्या वर्षभर आधी, फेब्रुवारी 1756 मध्ये, ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराने तुळाजी आंग्रे यांच्या विजयदुर्गावर हल्ला चढवला, तेव्हा जमिनीवर उतरलेल्या फौजेचा सेनापती क्लाइव्ह होता. इंग्रज त्या किल्ल्याला घेरिया म्हणत. या मोहिमेत नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. त्या हल्ल्यात आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले आणि किनाऱ्यावरची मराठ्यांची सागरी ताकद पुन्हा तशी उभी राहिली नाही. पुतळा 1860 साली बसवला गेला. 2020 साली तो हटवावा अशी मागणी झाली, परंतु स्थानिक प्रशासनाने तो जागीच ठेवला. या चौकात आलेल्या मराठी माणसाने विजयदुर्ग आठवावा. तो इतिहास या दगडी चौथऱ्यावर लिहिलेला नाही.

गावात देवळे बरीच आहेत, पण दोन पुरेशी आहेत. सेंट मेरीज हे अतिशय उंच मनोऱ्याचे देऊळ तेथील चौदाव्या शतकातील रंगीत काचांच्या खिडकीसाठी पाहावे. 1739 साली रॉबर्ट कॅडमन नावाच्या डोंबाऱ्याने या मनोऱ्याच्या टोकापासून नदीपलीकडे दोर बांधून त्यावरून घसरत जाण्याचा खेळ केला. दोर तुटला आणि तो मेला. त्याचा फलक दाराशी आहे. जुन्या सेंट चॅड्सचा मनोरा धोक्यात आहे असे टेल्फर्डने बजावले होते. कोणी ऐकले नाही आणि 1788 साली तो कोसळला. त्याऐवजी 1792 मध्ये क्वारी बागेच्या कडेला नवे देऊळ झाले, तेही गोल, इंग्लंडात विरळा असणाऱ्या आकाराचे. क्वारी ही नदीपर्यंत उतरत गेलेली विस्तीर्ण बाग आहे. येथील फुलांच्या प्रदर्शनाची परंपरा 1875 सालची आहे.

इतर काही ठिकाणे गावाबाहेर आहेत. उत्तरेला सुमारे 5 किमी.वर 21 जुलै 1403 च्या लढाईचे रणांगण आहे. चौथा हेन्री आणि बंडखोर हेन्री पर्सी, उर्फ हॉटस्पर, यांच्यात ती झाली आणि पर्सी मारला गेला. पर्सीचे प्रेत गावात आणून लोकांना दाखवले गेले. त्याआधी 1283 साली वेल्सचा राजपुत्र डाविड याला याच गावात हालहाल करून मारण्यात आले होते. सरहद्दीवरच्या बाजाराला असा राजकीय उपयोगही असे. डिदरिंग्टनची जवसाच्या तंतूंचे सूत काढणारी गिरणी मात्र वेळ काढून पाहण्याजोगी आहे. त्या काळच्या गिरण्यांत लाकडी तुळया, हवेत उडणारे तंतू आणि उघडे दिवे यांमुळे वारंवार आगी लागत. त्यावर उपाय म्हणून चार्ल्स बेज याने 1797 साली ओतीव लोखंडाचे खांब व तुळया आणि त्यांवर विटांच्या कमानी अशी इमारत उभारली. संपूर्ण लोखंडी सांगाड्याची ही जगातील पहिली इमारत होय. इमारतीचा भार भिंतींऐवजी सांगाड्याने पेलायचा, हे तत्त्व पुढे गगनचुंबी इमारतींचा पाया ठरले. पुष्कळ वर्षे ओसाड पडलेली ही गिरणी दुरुस्त होऊन 2022 साली लोकांसाठी खुली झाली.

चौकातून वायल कॉप या उताराच्या रस्त्याने खाली गेले की इंग्लिश पूल लागतो. पुलाजवळच्या मैदानावर गावचा फुटबॉल संघ 2007 पर्यंत खेळत असे. चेंडू भिंतीपलीकडे नदीत पडला की फ्रेड डेव्हिस आपली टोपलीसारखी गोल होडी वल्हवत जाऊन तो परत आणून देत.

पुलापलीकडे 1083 साली स्थापन झालेल्या बेनिडिक्टाइन मठाचे देऊळ आहे. आठव्या हेन्रीने 1540 साली मठ बंद केला, देऊळ तेवढे वाचले. 1836 साली हमरस्ता मठाच्या आवारातून काढला गेला, तेव्हा भिक्षूंच्या भोजनगृहातील प्रवचनाची दगडी गवाक्षवजा जागा रस्त्याच्या पलीकडे एकटी पडली, ती अजून तशीच उभी आहे. देवळाच्या आवारात विल्फ्रेड ओएन या कवीचे स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात तो 4 नोव्हेंबर 1918 रोजी मारला गेला. तार त्याच्या आईवडिलांच्या श्रूझबरीतील घरी पोहोचली ती 11 नोव्हेंबरला, युद्ध संपल्याच्या घंटा वाजत असताना. दोन वर्षांनी त्याच्या आईने श्रूझबरीहून रवींद्रनाथ टागोरांना पत्र लिहिले : आघाडीवर परत जाताना मुलाने तुमच्या ओळी म्हटल्या होत्या, त्याच्या परत आलेल्या टिपणवहीत त्या त्याच्या अक्षरात सापडल्या, खाली तुमचे नाव होते, ती पूर्ण कविता कोणत्या पुस्तकात मिळेल?