पॅरिसच्या कादंबऱ्या आणि १८६० ची रेघ

पॅरिसमध्ये घडणारं पुस्तक हाती घेतलं की आधी कथेचं साल पाहावं. ते १८६० च्या आधीचं की नंतरचं, यावर कोणता नकाशा उघडायचा ते ठरतं.

हे शहर रहस्यकथेचं झालं त्यात विदोकचा मोठा वाटा. स्वतः तुरुंग भोगलेल्या या माणसाने १८११ च्या सुमारास गुन्हेशोधक पथक उभारलं. १८२८ मध्ये त्याच्या आठवणी छापून आल्या. १८४१ मध्ये एडगर ॲलन पोने अमेरिकेत बसून आपला रहस्य उलगडणारा नायक द्युपँ पॅरिसमध्ये वसवला. पो तिथे कधीच गेला नव्हता. त्याच्या कथेतली ‘र्‍यू मॉर्ग’ ही गल्ली नकाशात शोधू नये, ती नाहीच.

जून १८४२ पासून यूजेन स्यूची ‘पॅरिसची रहस्यं’ एका दैनिकात क्रमशः येऊ लागली आणि सोळा महिने चालली. तिच्या यशावरून इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सने लंडनची रहस्यं लिहिली. याच रेनॉल्ड्सच्या एका कादंबरीचा आधार घेऊन हरिभाऊ आपट्यांनी १८८५ मध्ये ‘मधली स्थिती’ लिहायला घेतली.

स्यूची कथा सुरू होते सेन नदीतल्या सिते बेटावरच्या अरुंद गल्ल्यांत. पॅरिसची पुनर्बांधणी करणाऱ्या ओस्मान या अधिकाऱ्याने १८५३ नंतर त्यातल्या बहुतेक पाडल्या. मग १ जानेवारी १८६० ला शहराचे १२ विभाग मोडून २० केले आणि सगळे क्रमांक नव्याने दिले. वाचक चुकतो तो इथेच: जुना अकरावा विभाग म्हणजे सॉर्बोन-लुक्झेंबर्गचा परिसर, आजचा अकरावा नदीपलीकडे बास्तीयजवळ. जुन्या प्रेमकथेत ‘तेराव्या विभागाच्या कचेरीत लग्न’ आलं, तर ते जोडपं लग्नाविना एकत्र राहतं असं समजावं, कारण तेव्हा तेरावा विभागच नव्हता. आजच्या नकाशावर बोट ठेवून वाचणाऱ्याच्या हातून ही गंमत पार निसटते.

घरांचे क्रमांक मात्र १८०५ च्या पद्धतीनेच चालतात. नदीला काटकोनात जाणाऱ्या रस्त्यावर ते नदीपासून सुरू होतात, समांतर रस्त्यावर प्रवाहाच्या दिशेने वाढतात. क्रमांक वाढतात त्या दिशेला तोंड केलं की सम क्रमांक उजवीकडे. घटनास्थळ नदीपासून किती लांब, याचा अंदाज एवढ्यावर बांधता येतो.

कादंबरीकार सिमनाँचा पोलीस नायक मेग्रे १९३१ पासून के देझॉर्फेव्र या नदीकाठच्या रस्त्यावरच्या ३६ क्रमांकात, पोलीस कचेरीत बसतो. २०१७ मध्ये गुन्हेशोध पोलीस तिथून बातिन्योल या भागात गेले. नव्या इमारतीचा क्रमांकही ३६ च आहे. त्यामुळे नुसतं ‘छत्तीस’ वाचलं तर कथेचं साल पाहावं: जुनं छत्तीस सेनच्या काठावर, नवं शहराच्या वायव्य टोकाला.