निर्धन म्हणून अपील करताना: मुदत, मालमत्तेची यादी आणि कोर्ट फी

दिवाणी दाव्यात विरुद्ध निकाल लागला आणि अपिलाची कोर्ट फी भरण्याची ऐपत नसेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 44 नुसार निर्धन व्यक्ती म्हणून अपील करण्याची परवानगी मागता येते. अपिलाचा मेमो (अपिलाची कारणे मांडणारा लेखी अर्ज) आणि परवानगीचा अर्ज एकत्र दाखल करायचे असतात. वकील नसलेल्यांचे अर्ज मुख्यतः मुदत आणि मालमत्तेची यादी या दोन ठिकाणी अडकतात.

उच्च न्यायालयात अपिलाला 90 दिवस मिळतात, हे बहुतेकांना कोणीतरी सांगितलेले असते. पण निर्धन म्हणून परवानगी मागण्याची मुदत 60 दिवसांचीच आहे, हे सांगायला कोणी थांबत नाही. जिल्हा न्यायालयात दोन्हींना 30 दिवस आहेत. मुदत हुकूमनाम्याच्या, म्हणजे निकालानुसार निघालेल्या न्यायालयाच्या औपचारिक आदेशाच्या (डिक्रीच्या), तारखेपासून मोजली जाते. त्याच्या नकलेसाठी अर्ज केल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचा काळ वगळला जातो, मात्र तयार नक्कल न नेल्यामुळे गेलेले दिवस तुमच्याच खात्यात पडतात. म्हणून निकालानंतर लगेच नकलेचा अर्ज करावा. उशीर झालाच, तर मुदत कायद्याच्या कलम 5 खाली विलंबमाफीचा अर्ज खऱ्या कारणांसह आणि शक्य तितक्या पुराव्यासह जोडावा.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला येथे पुरेसा नाही, कारण प्रश्न फी भरण्याइतकी साधने आहेत का, हा असतो. त्यामुळे स्थावर व जंगम मालमत्तेची अंदाजे किमतींसह सत्यापित (मजकूर खरा असल्याचे सहीनिशी लिहिलेली) यादी द्यावीच लागते. शेतकऱ्याचे राहते घर, शेतीची अवजारे अशी जप्तीतून सूट असलेली मालमत्ता आणि ज्या मालमत्तेबद्दल वाद आहे ती, या दोन्ही ऐपतीत धरल्या जात नाहीत. तरीही भीतीपोटी त्या लपवू नका. सामायिक सातबाऱ्यावर नाव असेल, तर आपला हिस्सा किती, हे स्पष्ट लिहा. खालच्या न्यायालयाने आधीच निर्धन मानले असेल, तर हुकूमनाम्यानंतर स्थिती बदललेली नाही, एवढे शपथपत्र सामान्यतः पुरते. सरकारी वकिलांनी किंवा प्रतिवादीने हरकत घेतल्यास मात्र चौकशी होते.

स्वतः बाजू मांडण्याआधी विधी सेवा प्राधिकरणाकडे अवश्य जावे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो.

परवानगी नाकारली गेली, तरी कोर्ट फी भरण्यासाठी वेळ मागावा. न्यायालय तो देऊ शकते, आणि त्या वेळेत फी भरल्यास ती सुरुवातीलाच भरली होती असे धरून अपील पुढे चालते.