दहावा हिस्सा बंद, मासे जास्त: आपो बेटाचा हिशोब नीट तपासून बघू

फिलिपिन्समधल्या नेग्रोस बेटावर दुमागेते शहरातून दक्षिणेला निघालं की साधारण 15 किलोमीटरवर दाऊइन लागतं. कागदावर ती म्युनिसिपालिटी, पण शहर वगैरे डोळ्यासमोर आणू नका, एक मुख्य गाव आणि आजूबाजूच्या वाड्या एवढंच. वाडीला तिथे बरांगाय म्हणतात. किनाऱ्याची वाळू काळी, ज्वालामुखीची. आणि दाऊइनचा एक बरांगाय चक्क समुद्रात आहे, किनाऱ्यापासून 7 किलोमीटरवर, त्याचं नाव आपो. बेट जेमतेम 74 हेक्टरचं, वस्ती हजाराच्या आसपास, आणि पिढ्यानपिढ्या धंदा एकच, मासेमारी.

एवढंसं बेट, पण समुद्रजीवशास्त्रात रस असलेल्या कुणालाही विचारा, त्याला आपो माहीत असतंच. कारण 'समुद्राचा थोडा भाग मासेमारीला कायमचा बंद केला तर उरलेल्या भागात मासळी जास्त मिळते' हे जे आपण सगळीकडे ऐकतो ना, त्याच्या सगळ्यात गाजलेल्या पुराव्यांपैकी एक इथला आहे. आता ऐकायला हे छानच वाटतं, पण मच्छीमाराच्या बाजूने विचार करा, माझी मासे धरायची जागा दहा टक्क्यांनी कमी करून माझे मासे कसे काय वाढणार? प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर मिळायला वीसेक वर्षं गेली.

सुरुवात खरं तर आपोवर झालीच नाही. दुमागेतेच्या सिलिमन युनिव्हर्सिटीत आंखेल अल्काला नावाचे जीवशास्त्रज्ञ होते, मूळचे सरडे-बेडकांचे अभ्यासक, पुढे देशाचे पर्यावरण खात्याचे मंत्री झाले, 1992 मध्ये मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. त्यांच्या पुढाकाराने 1974 मध्ये सुमिलोन नावाच्या बेटाभोवतीच्या रीफचा, म्हणजे पाण्याखालच्या प्रवाळ खडकांचा, साधारण पाव भाग मासेमारीला बंद केला गेला. हे बेट समोरच्या सेबू प्रांतातल्या ओस्लोब म्युनिसिपालिटीत येतं. दहा वर्षं ठीक चाललं, मग स्थानिक राजकारण फिरलं आणि 1984 मध्ये बंद पट्टा खुला झाला, लोक तुटून पडले, डायनामाइटसकट.

संवर्धनाच्या दृष्टीने हे वाईटच, पण विज्ञानाच्या दृष्टीने असा प्रयोग कुणी मुद्दाम करू शकलं नसतं. कारण आता मासेमारीला सगळीच्या सगळी रीफ मोकळी होती, म्हणजे साध्या गणिताने मासळी वाढायला हवी होती. झालं उलटंच. अल्काला आणि ऑस्ट्रेलियाच्या जेम्स कुक युनिव्हर्सिटीचे गॅरी रस यांनी आधीची आणि नंतरची मासळी मोजली तर दीडेक वर्षात एकूण उत्पादन 54 टक्क्यांनी पडलेलं. जागा वाढली आणि मासे निम्म्याहून कमी! म्हणजे बंद पट्टा बाहेरच्यांना पोसत होता, तो गेल्यावर पोसणाराच गेला. माझ्या मते अख्ख्या गोष्टीतला सगळ्यात पक्का पुरावा हाच आहे, आपोपेक्षाही, फक्त त्याचे फोटो छान येत नाहीत म्हणून त्याबद्दल कुणी फार बोलत नाही.

आता आपो. सत्तरच्या दशकात बाहेरून येणाऱ्या होड्या तिथे डायनामाइट टाकायच्या, सायनाइड फवारायच्या, आणि मुरो-आमी नावाची एक पद्धत होती ज्यात माणसांची रांगच्या रांग दोरीला बांधलेले दगड प्रवाळावर आपटत मासे जाळ्यात हाकलायची. मासे तर जायचेच, पण त्यांचं घरही जायचं. सिलिमनचे लोक काही वर्षं बेटावर येत राहिले, बोलत राहिले, सुमिलोनचं उदाहरण समोर होतंच. शेवटी 1982 मध्ये गावाने स्वतः ठरवलं की किनाऱ्याची 450 मीटर लांबी आणि तिथून समुद्रात 500 मीटर, एवढ्यात कुणीही गळ टाकायचा नाही. हे बेटाच्या रीफच्या साधारण 10 टक्के. 1985 मध्ये दाऊइन म्युनिसिपालिटीने त्यावर रीतसर शिक्का मारला, आणि डायनामाइट, मुरो-आमी वगैरे संपूर्ण बेटाभोवती बंद. पोलीस नव्हते, गावातलेच लोक आळीपाळीने किनाऱ्यावरून राखण करायचे, तिथे अशा राखणदारांना बांताय दागात म्हणतात.

मोजणी कशी करतात तेही सांगतो, कारण सगळं त्यावरच उभं आहे. डायव्हर पाण्याखाली 50 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद असा पट्टा धरतो आणि त्यात दिसणारे मासे जातीवार मोजत आणि प्रत्येकाची लांबी नजरेनेच ठरवत पुढे सरकतो, मग लांबीवरून वजन काढायचं. हे बंद भागात करायचं आणि बेटाच्या दुसऱ्या, मासेमारी चालू असलेल्या भागातही करायचं, आणि वर्षानुवर्षं करत राहायचं. कंटाळवाणं काम आहे, पण 1983 पासून 2001 पर्यंतच्या मोजणीत असं दिसलं की सर्जनफिश आणि ट्रेव्हॅली या दोन कुळांचं, म्हणजे आपोच्या मासळीत ज्यांचा वाटा 40 ते 75 टक्के असतो त्यांचं, बंद भागातलं एकूण वजन तिप्पट झालं. मासेमारीच्या भागात म्हणावा असा फरक नाही. फक्त एक अपवाद, सीमेला लागून असलेल्या 200 ते 250 मीटरच्या पट्ट्यात मासे वाढत गेले, त्याच्या पलीकडे नाही.

आतले मासे बाहेर का येतात, हे जरा जवळून बघण्यासारखं आहे. सर्जनफिशच्या कुळात युनिकॉर्नफिशची एक मोठ्या नाकाची जात आहे, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना धारदार पाती असलेली. अभ्यासकांनी या माशांची आपसातली भांडणं मोजली. बंद भागात ही भांडणं बाहेरच्यापेक्षा साडेतीन पटीहून जास्त व्हायची, आणि बहुतेक वेळा मोठा मासा छोट्याला हाकलायचा. गर्दीच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवरच्याचं जे होतं तेच, आधी अंग चोरायचं, मग उठायचंच. हाकललेला मासा सीमेपलीकडे जातो आणि तिथे गळ टाकून बसलेल्याच्या हाती लागतो. यामुळेच परिणाम दिसायला इतकी वर्षं लागतात, आधी आत गर्दी तर व्हायला हवी!

दुसरा रस्ता अंड्यांचा. मोठी मादी ही दोन-तीन छोट्या माद्यांच्या बरोबरीची असेल असं आपल्याला वाटतं, पण मेक्सिकोच्या आखातातल्या रेड स्नॅपरचा प्रसिद्ध हिशोब असा आहे की साडेबारा किलोची एक मादी जेवढी अंडी घालते तेवढी घालायला 1.1 किलोच्या 212 माद्या लागतात. बंद पट्ट्यात माशांना म्हातारं व्हायला मिळतं, फायदा तिथे आहे. अंड्यातून निघालेली पिल्लं प्रवाहाबरोबर कुठच्या कुठे जातात, नेग्रोसच्या याच किनाऱ्यावर फुलपाखरू माशांचे डीएनए जुळवून बघितलं तर एका गावाने राखलेल्या रीफवरच्या आईबापांची पोरं दुसऱ्या गावांच्या पाण्यात मोठी होताना सापडली.

मच्छीमारांच्या हातात काय पडलं? गळाने मिळणारी मासळी, तेवढ्याच मेहनतीत, सुरुवातीच्या वर्षांच्या तुलनेत 50 टक्के जास्त, आणि एकूण मेहनत 1986 पासून शतकाच्या शेवटापर्यंत 46 टक्के कमी. आता इथे जरा थांबा. मेहनत कमी झाली कारण मासे पटकन मिळायला लागले, की डायव्हिंगचे पर्यटक आले आणि लोकांना होडी भाड्याने देण्यात, राहायची सोय करण्यात जास्त पैसे दिसले? दोन्ही असणार, आणि माणसं कमी झाली की उरलेल्यांना जास्त मिळणारच, त्यामुळे सगळं श्रेय बंद पट्ट्याला देता येत नाही. शिवाय सर्जनफिश सीमेजवळ जास्त मिळत होते पण ट्रेव्हॅली उलट लांब जास्त, बहुधा तिथल्या प्रवाहांमुळे. आणि हे सगळं एका बेटावरचं, एक बंद जागा आणि एक खुली जागा. हे आक्षेप घेणारे लोक विज्ञानाचे शत्रू नाहीत, बरोबरच विचारतात.

1994 मध्ये केंद्र सरकारने आख्खं बेट राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र केलं. वाचायला मोठी बढती, प्रत्यक्षात निर्णय गावाच्या हातून एका सरकारी बोर्डाकडे गेले, पर्यटकांकडून घेतलेली फी मनिलाच्या वळणाने परत यायला लागली आणि बेटावरचे लोक वैतागले. आपल्या मालवणच्या सागरी अभयारण्याची अधिसूचना 1987 ची, तीही वरूनच आलेली, आणि मच्छीमारांचा विरोध किती वर्षं चालला ते कोकणातल्या कुणालाही विचारा. आपोवर 1982 सालचा नियम टिकला तो मुळात त्यांचाच होता म्हणून, असं माझं मत.

मग डिसेंबर 2011 मध्ये सेंदोंग वादळ आलं आणि वर्षभराने डिसेंबर 2012 मध्ये पाब्लो. दोन्हींच्या लाटा नेमक्या बंद पट्ट्याच्या बाजूला आदळल्या आणि शतकभराचं प्रवाळ चुरा होऊन पडलं. लाटेला राखणदार अडवू शकत नाही, हा या सगळ्या पद्धतीचा उघड कमकुवतपणा आहे आणि समुद्र तापतोय तसा तो वाढणार. त्यानंतर गावाने तिथे डायव्हरना पण बंदी घातली. मेलेल्या प्रवाळावर शेवाळ धरतं आणि ते खरवडून खाणारे पोपटमासे अशा मोडतोडीनंतर कमी न होता वाढले, हे आपोच्याच मोजणीत दिसलं. म्हणजे रीफ मोडली की सगळेच मासे जातात हे खरं नाही, काहींची चंगळ होते, आणि कुणाची झाली ते कळतं कारण वादळाआधीची तीसेक वर्षांची आकडेवारी लिहून ठेवलेली आहे.