नवा टीव्ही, जुना डीव्हीडी प्लेअर: वायर कोणती लावायची?

नवा एलईडी टीव्ही भिंतीवर लागला की थोड्याच दिवसांत दुकानात फोन येतो, "टीव्हीत रंगच येत नाहीत, पॅनेल गेलं का?" सेट-टॉप बॉक्सवर सगळं झकास, डीव्हीडी लावली की मात्र चित्र काळं-पांढरं. पॅनेल गेलेलं नसतं. बहुतेक वेळा प्लेअरची पिवळी वायर टीव्हीच्या हिरव्या सॉकेटमध्ये असते आणि रिमोटवर सोर्स 'कॉम्पोनंट' (चित्रासाठी हिरवी-निळी-लाल अशा तीन वायरींची जोडणी) निवडलेला असतो.

पिवळ्या वायरीतून उजेड आणि रंग दोन्ही एकत्र येतात. कॉम्पोनंटच्या हिरव्या सॉकेटला फक्त उजेडाची माहिती घ्यायची असते, रंग निळ्या आणि लाल वायरीतून यायचे असतात. त्या दोन्ही जागा रिकाम्या, म्हणून रंग नाहीत. नीट पाहिलंत तर अशा चित्रावर बारीक ठिपक्यांची जाळीही दिसते. पुष्कळ टीव्हींवर पिवळ्या वायरीला वेगळी जागाच नसते. हिरव्या सॉकेटची कडा अर्धी पिवळी असते किंवा शेजारी 'व्हिडिओ' लिहिलेलं असतं. तिथे पिवळी वायर हिरव्यातच लावायची, निळी-लाल जागा मोकळी ठेवायची आणि सोर्स 'एव्ही' घ्यायचा. आवाजाची पांढरी आणि लाल वायर 'ऑडिओ' लिहिलेल्या सॉकेटमध्ये.

एवढं करूनही चित्र नसेल किंवा ते सारखं गुंडाळल्यासारखं फिरत असेल, तर प्लेअरचं सेटिंग बघा. पूर्वी कधीतरी व्हिडिओ आउटपुट 'कॉम्पोनंट' किंवा 'प्रोग्रेसिव्ह' (चित्र पाठवायची वेगळी पद्धत, पिवळ्या वायरीतून ती चालत नाही) केलेलं असतं आणि वायर बदलली तरी प्लेअर ते विसरत नाही. डिस्क बाहेर काढा आणि रिमोटवर 'व्ही-मोड' किंवा 'पी-स्कॅन' बटण असेल तर ते थांबून थांबून दाबत राहा, चित्र परत येतं. त्याहून सोपं म्हणजे जुनी वायर काढायच्या आधीच, पडद्यावर मेनू दिसत असताना, सेटिंग बदलून घ्यायचं.

आता निवडीचं. प्लेअरला एचडीएमआय असेल तर बाकी काही बघू नका. एकच वायर, चित्र आणि आवाज दोन्ही, रंगांचा घोळ नाही. ते नसेल तर हिरवी-निळी-लाल कॉम्पोनंट, सोबत आवाजाची जोडी. यात लाल वायरी दोन असतात, एक चित्राची, एक आवाजाची. त्यांची अदलाबदल झाली की रंग विचित्र येतात आणि एका बाजूच्या स्पीकरमधून गुरगुर ऐकू येते. पिवळी वायर सगळ्यात शेवटी. ब्लू-रे प्लेअर असेल तर एचडीएमआयच घ्या. २०११ नंतर बनलेल्या प्लेअरमधून ब्लू-रे डिस्कचं पूर्ण एचडी चित्र कॉम्पोनंटवर मिळत नाही.

एचडीएमआय महागडी घ्यावी का, हेही रोज विचारतात. दीड-दोन मीटरसाठी साधी, घट्ट बसणारी वायर पुरते. सोन्याचा मुलामा दिलेली घेतली म्हणून चित्र उजळत नाही, म्हणून आम्ही ती दाखवतही नाही. डीव्हीडीवर चित्र मुळात ७२० बाय ५७६ ठिपक्यांचंच असतं. मोठ्या पडद्यावर ते थोडं मऊ दिसणारच, त्यात वायरीचा दोष नाही. माणसं जाड दिसत असली तर तोही वायरीचा दोष नाही, प्लेअरच्या मेनूत टीव्हीचा आकार ४:३ चा १६:९ करा.

काही टीव्हींना एव्हीसाठी हेडफोनसारखं एकच छोटं छिद्र असतं आणि त्याची आखूड वायर टीव्हीच्या खोक्यात येते. खोकं भंगारवाल्याला देण्याआधी ती काढून घ्या. बाजारात तशाच दिसणाऱ्या वायरींची आतली जोडणी एकसारखी नसते, चुकीची लावली की चित्राऐवजी नुसती घरघर. आमच्याकडे ही वायर टीव्हीचा मॉडेल नंबर बघूनच देतो. वेळ लागतो, पण परत यावं लागत नाही. कन्व्हर्टरचंही तसंच. एव्हीचं एचडीएमआय करणारा वेगळा आणि एचडीएमआयचं एव्ही करणारा वेगळा, उलटा लावून चालत नाही.

वायर लावताना-काढताना टीव्ही, प्लेअर आणि सेट-टॉप बॉक्स, तिन्हींचे स्विच बंद ठेवा. चालू असताना खुपसाखुपसी केल्याने एचडीएमआय पोर्ट गेलेले टीव्ही आमच्याकडे दुरुस्तीला येतात, आणि तो खर्च वायरीच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

घरी येऊन नुसती वायर बदलली तरी व्हिजिट चार्ज लागतो, यावर काही जण नाराज होतात. माणूस पाठवला की त्याचा अर्धा दिवस जातो, ते काम दोन मिनिटांचं असलं तरी. म्हणून आधी टीव्हीच्या आणि प्लेअरच्या मागच्या बाजूचा एकेक स्पष्ट फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. कोणती वायर कुठे लावायची ते आम्ही फुकट सांगतो, वायर हवी असेल तर बाजूला काढून ठेवतो. आणि प्लेअर फक्त लग्नाच्या, बारशाच्या डीव्हीडींसाठीच ठेवला असेल, तर त्या पेन ड्राइव्हवरही उतरवून देतो. ओरखडे पडलेली डिस्क आधी दाखवायला आणा, उतरेल की नाही ते बघूनच पैसे घेतो.

दुकान सोमवारी बंद.