सी.आय.डी.पी.च्या रुग्णांसाठी दिव्यांग प्रमाणपत्र : नागपुरातील अर्ज प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रे

सी.आय.डी.पी. (क्रॉनिक इन्फ्लमेटरी डीमायलिनेटिंग पॉलिन्यूरोपॅथी) हा चेतातंतूंचा दीर्घकालीन आजार आहे. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच हातापायांकडे जाणाऱ्या चेतातंतूंवरील मायलिन या संरक्षक आवरणावर हल्ला करते, आणि मेंदूचा संदेश स्नायूंपर्यंत उशिरा पोचतो किंवा वाटेतच अडतो. जमिनीवरून उठणे, जिना चढणे, बटण लावणे अशी साधी कामे जड होतात. गियाँ-बारे या अशाच, पण झपाट्याने वाढणाऱ्या आजारात अशक्तपणा साधारण चार आठवड्यांत शिगेला पोचतो, सी.आय.डी.पी.मध्ये तो आठ आठवडे वा अधिक काळ वाढत राहतो, किंवा बरा होऊन पुन्हा उलटतो. स्टेरॉइड, आय.व्ही.आय.जी. (शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडे) आणि प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातील द्रवभाग बदलणे) हे मुख्य उपचार आहेत. आय.व्ही.आय.जी.ची पहिली मात्रा साधारणपणे वजनाच्या दर किलोला 2 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या रुग्णाला 120 ग्रॅम असते आणि ती दोन ते पाच दिवसांत विभागून देतात. हा खर्च मोठा असतो. म्हणून महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे शिधापत्रिका दाखवून रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून (योजनेच्या मदतनिसाकडून) भरती होण्याआधीच विचारून घ्यावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील 21 प्रकारांत या आजाराचे नाव स्वतंत्रपणे दिलेले नाही, आणि तेवढ्यावरूनच कित्येक कुटुंबे अर्ज करायचे सोडून देतात, याचे फार वाईट वाटते. प्रत्यक्षात त्या यादीत अस्थिव्यंग आणि चेतासंस्थेचे दीर्घकालीन आजार हे दोन्ही प्रकार आहेत, आणि वैद्यकीय मंडळ आजाराच्या नावापेक्षा हातापायांत उरलेली शक्ती, तोल आणि दैनंदिन कामे यांवरून टक्केवारी ठरवते. अर्जात कोणता प्रकार निवडायचा, हे आपल्या न्यूरॉलॉजिस्टना विचारूनच भरावे. बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करावा लागतो. आधार, पत्त्याचा पुरावा, सहा महिन्यांच्या आतील छायाचित्र आणि उपचाराची कागदपत्रे जोडावीत. नागपुरात मेडिकल किंवा मेयो यांसारखे सरकारी रुग्णालय निवडून, मिळालेल्या तारखेला मूळ कागदपत्रांसह तपासणीस जावे.

सर्वांत जास्त काळजी वैद्यकीय कागदांची घ्यावी. एन.सी.व्ही. (चेतातंतूंतून संदेश किती वेगाने जातो याची तपासणी) अहवाल, पाठीतून काढलेल्या पाण्याचा अहवाल, प्रत्येक डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या चिठ्ठ्या तारखेच्या क्रमाने लावाव्यात. हा आजार चढउताराचा असल्यामुळे, आय.व्ही.आय.जी. घेतल्यानंतर काही दिवसांनी बरा चालणारा रुग्ण पुढच्या मात्रेची वेळ जवळ आली की भिंतीचा आधार घेऊ लागतो, असे अनेकदा घडते. एका दिवसाच्या तपासणीत ही दुसरी अवस्था दिसतेच असे नाही. म्हणून दोन्ही अवस्थांत काय जमते आणि काय जमत नाही, याची प्रामाणिक नोंद घरी ठेवावी आणि ती न्यूरॉलॉजिस्टच्या पत्रात नमूद करून घ्यावी. माझ्या मते अनुभवी न्यूरॉलॉजिस्टचे असे एक नेमके पत्र जाडजूड फाइलपेक्षा अधिक उपयोगी पडते.

स्थिती बदलण्याची शक्यता असल्यास मंडळ ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र देते. त्याने खचून जाऊ नये, कारण मुदतीत ते तितकेच ग्राह्य असते. फक्त पुढील तपासणीसाठी वेळेआधी अर्ज करावा. 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या करदात्याला आयकराच्या जुन्या करप्रणालीत 75,000 रुपयांची, आणि 80 टक्के वा अधिक असल्यास 1,25,000 रुपयांची वजावट मिळते.

अर्ज नाकारला गेल्यास कारणे लेखी मागावीत, तो अर्जदाराचा हक्क आहे. निर्णय मान्य नसल्यास 90 दिवसांच्या आत अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते, आणि त्यासाठी निर्णयाची प्रत व तपासणीच्या दिवशी दाखवलेल्या प्रत्येक कागदाची छायाप्रत आपल्याजवळ असणे आवश्यक आहे.