कळशीवरचं नाव आणि त्याला फुटलेली वेल

आमच्या घरी आजीची पितळी कळशी आहे. गळ्याखाली ‘सौ.’ आणि तिचं नाव, पुढे माहेरची भेट म्हणून एक ओळ. कोरणीने, म्हणजे हाताने ढकलून धातू कापणाऱ्या टोकदार अवजाराने, सलग ओढलेली रेघ आहे ती. ‘ळ’ची वळणं जाड सुरू होऊन बारीक होत जातात, आणि ओळ संपते तिथे दोन पानांची वेल फुटते, तीही त्याच हाताने, त्याच ओघात. आज नाशिकच्या भांडी बाजारात नाव घालून मागितलं तर विजेच्या पेनने दोन मिनिटांत घालून मिळतं. वाचता येतं, पण सगळी रेघ एकाच जाडीची. कोरीवकाम शिकणारी मुलं मला विचारतात, अक्षर आणि वेल सुधारायची कशी? त्यासाठी मला आधी थोडं मागे जावंसं वाटतं.

आपल्याकडचं धातूवरचं जुनं अक्षर म्हणजे ताम्रपट. नाशिकजवळ अंजनेरीला सापडलेले भोगशक्ती राजाचे ताम्रपट कलचुरी संवत ४६१चे, म्हणजे इ. स. ७१०च्या सुमाराचे. वणीचा राष्ट्रकूट तिसऱ्या गोविंदाचा ताम्रपट त्यानंतर शंभरेक वर्षांनी आला. ताम्रपटाचा मजकूर आधी लिहून दिला जाई, मग कारागीर तो खोदी. चूक झाली तर तेवढा भाग ठोकून सपाट करत आणि पुन्हा कोरत. पत्र्याच्या कडा बऱ्याचदा उचललेल्या असत, एकमेकांवर घासून अक्षरं झिजू नयेत म्हणून. लिहिणारा आणि कोरणारा वेगळे असले तरी अक्षराचं वळण लेखणीतच ठरत होतं. मला या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते.

पुढचा टप्पा पुण्या-मिरजेचा. पेशवाईच्या उत्तरार्धात पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी चार्ल्स मॅलेट याच्या प्रोत्साहनाने पुण्यात एका तांबटाला देवनागरी अक्षरं खोदायला शिकवलं गेलं. नाना फडणवीसांच्या मनात गीता छापवून घ्यायची होती. राजकारणाच्या धामधुमीत ते राहून गेलं. मग मिरजेचे संस्थानिक गंगाधरराव पटवर्धन यांनी त्या कारागिराला आश्रय दिला आणि १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. छापायचं म्हणजे प्रत्येक अक्षर उलटं कोरायचं. भांडी घडवणाऱ्या हातांनी सबंध गीता उलटी कोरली, या गोष्टीचं मला आजही भारी अप्रूप आहे.

वेलीचा प्रवास वेगळा. आपल्याकडे ती देवळांच्या द्वारशाखांवर, म्हणजे दाराच्या चौकटींवर, दगडात वाढली. युरोपात ॲकॅन्थस नावाच्या झाडाच्या कातरलेल्या पानाची नक्षी ग्रीक खांबांवरून सोनारांच्या कामात उतरली आणि पुढे बंदुकांच्या लोखंडावर गेली. दगडात वेल छिन्नीच्या ठोक्यांनी होते. कोरणी मात्र सरळच ढकलायची असते. वळण हवं असेल तर हाताखालचं काम फिरवावं लागतं. म्हणून वाळूच्या पिशवीवर भांडं ठेवून ते डाव्या हाताने फिरवत राहायचं.

१८८३च्या गॅझेटिअरमध्ये नाशिकच्या तांब्यापितळेच्या धंद्याची नोंद आहे. १९२८मध्ये नाशिक रोडला नोटांचा छापखाना सुरू झाला. आजच्या पाचशेच्या नोटेवर बोट फिरवा, गांधीजींचं चित्र बोटाला लागतं. खोल कोरलेल्या पत्र्यातली शाई दाबाने कागदावर उचलली जाते, ती ही छपाई. तिचं मूळही सोनारांच्या कोरणीतच आहे.

मग घराघरांत स्टील आलं. पितळ कोरणीला वाट देतं. स्टील कठीण, आणि काम करताना आणखी ताठरतं. कोरणीचं टोक तुटू लागलं तशी थरथरणारी विजेची पेनं आली. ती धातू कापून काढत नाहीत, टोचत जातात. त्यामुळे रेघेचा जाड-बारीकपणा गेला, आणि त्याच्या जिवावर जगणारी वेलही गेली. मी दोष त्या दुकानदारांना देत नाही. एका लग्नाच्या शंभर भांड्यांवर संध्याकाळपर्यंत नावं घालायची असली तर दुसरं काय करणार?

म्हणून शिकणाऱ्यांना मी पहिला महिना कागदावरच ठेवते. आडवा काप दिलेल्या बोरूने अक्षरं काढायची, म्हणजे जाड-बारीक कुठे येतं ते हाताला कळतं. वेलीचा आधी फक्त कणा, शंखासारखा आत वळत जाणारा, पानं नंतर. कणा कुठेही मोडला, तर कितीही पानं लावली तरी तो मोड दिसतोच. मग तांब्याची पट्टी. कोरणी हातात किंचित कलती केली की रेघ रुंदावते, सरळ केली की निमुळती होते. उभा दंड शिरोरेषेला जिथे भिडतो तिथे हात हमखास घसरतो, म्हणून दंड खालून वर न्यायचा नाही, शिरोरेषेपासून खाली आणायचा. गेल्या आठवड्यात एका मुलीने पट्टीवर स्वतःच्या आजीचं नाव कोरलं. ‘ळ’ची दुसरी गाठ अजून चपटी आहे. पट्टी पालथी करून तिने लगेच दुसरा ‘ळ’ आखायला घेतला.