फ्लायच्या रिळाला भोकं का असतात

नवीन माणूस फ्लाय फिशिंगचं (म्हणजे नकली माशी लावून मासे धरायचं) रीळ, लाइन म्हणजे दोरी गुंडाळायची चकती, घ्यायला गेला की आधी ड्रॅगबद्दलच, म्हणजे सुटणाऱ्या लाइनला लागणाऱ्या ब्रेकबद्दलच ऐकतो, सील्ड ड्रॅग, कार्बन ड्रॅग, आणि सगळे पैसे त्यातच जातात. मला हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी जायचं होतं तर दुकानदाराने समुद्रातल्या माशाला पुरेल असं जड रीळ गळ्यात मारलं, तेही चार नंबरच्या, म्हणजे हलक्या लाइनच्या नाजूक रॉडसाठी (काठीसाठी), संध्याकाळपर्यंत मनगट भरून आलं. मग या वस्तूचा इतिहास वाचत गेलो तसं कळलं की रिळाचा एकेक भाग कुणाच्या तरी खऱ्या अडचणीतून आलाय, आपली अडचण तीच आहे का एवढं बघायचं.

भोकांचंच घ्या. 1874 मध्ये अमेरिकेत व्हरमाँटच्या मँचेस्टर गावातल्या चार्ल्स ऑर्विसने अरुंद, उभ्या बसणाऱ्या रिळाचं पेटंट घेतलं, त्याच्या बाजू भोकाभोकांच्या होत्या. तेव्हा लाइन रेशमाची असायची, ओली राहिली की कुजायची, म्हणून लोक मासेमारी आटोपली की ती सोडवून वाळत घालायचे. भोकांमुळे रिळावरही हवा लागायची आणि धातूचं वजन कमी व्हायचं ते वेगळंच. 1950 च्या दशकात प्लॅस्टिकचं कोटिंग असलेल्या लाइन आल्या, कुजायची भीती गेली, पण भोकं राहिली ती वजनासाठी.

मग खटका. इंग्लंडमध्ये अल्निकच्या हार्डी बंधूंनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बॉल बेअरिंगवालं 'परफेक्ट' नावाचं रीळ काढलं, त्याच्या खटक्याचा तो कर्रर्र आवाज आजही लोकांना वेड लावतो. साध्या खटक्याच्या रिळात दातेरी चाकावर स्प्रिंगने दाबलेली एक छोटी पट्टी असते, बस. तिचं मुख्य काम मासा थांबवणं नाहीच, लाइन झटक्यात ओढली गेली तर रीळ भरमसाट फिरून गुंता होऊ नये एवढंच. मासा ओढायला लागला तर रिळाच्या उघड्या कडेवर तळवा टेकवायचा.

तगडा डिस्क ड्रॅग, म्हणजे चकत्या दाबून लागणारा ब्रेक, लोकांना लागला तो समुद्रात. फ्लोरिडाकडे फ्लायवर बोनफिश, टार्पन पकडायला लागले, ते मासे एका दमात शंभर मीटर लाइन घेऊन पळतात, तिथे तळवा भाजतो. आपल्या डोंगरी ओढ्यातल्या वीतभर ट्राउटला ते कशाला?

आणखी एक, फ्लायमध्ये फेकायचं वजन गळाला नसतं, लाइनला असतं. 1960 च्या सुमारास अमेरिकेत त्याचे नंबर ठरले, पाच नंबरच्या लाइनचे पहिले 30 फूट म्हणजे 140 ग्रेन (वजनाचं जुनं इंग्रजी माप), साधारण 9 ग्रॅम. रॉड, लाइन, रीळ तिन्ही एकाच नंबरला जुळवा, मधला गाभा जरा जाड असलेलं रीळ घ्या म्हणजे लाइनला वेटोळी कमी पडतात आणि ती पटपट गुंडाळली जाते, आणि वाचलेले पैसे चांगल्या लाइनवर घाला.